देवडीवांचून सभा

आपल्याकडे सभेची सूचना लिहिण्याची एक ठरलेली रीत आहे. विषय कोणता, अध्यक्ष कोण, वेळ कोणती आणि स्थळ कोणतें, एवढ्या चार गोष्टी त्या लहानशा कागदावर आल्या म्हणजे लिहिणाराचें काम संपलें. यांपैकीं पहिल्या तिहींविषयीं वाद होऊं शकतो. अध्यक्षांवरून तर पुष्कळदां होतोहि. स्थळाविषयीं मात्र कोणाला शंका नसते. सभागृह जागेवरून हालत नाहीं, आणि त्याचा पत्ता विचारावयास कोणाची परवानगी लागत नाहीं. घरबसल्या संगणकावर भरणाऱ्या सभांनीं नेमकी ही चौथी ओळच अवघड करून टाकली आहे. अशा सभेला भिंती नाहींत. ती एकाच वेळीं पुण्यांतल्या एका खोलींत, न्यू जर्सींतल्या दुसऱ्या खोलींत आणि आगगाडींत बसलेल्या तिसऱ्या माणसाच्या हातांत भरलेली असते. मग ती कोठें भरली आहे हें नव्या माणसानें कोणाला विचारावें? आणि ज्याला विचारावें त्याला, कोण कोणाला भेटावयास निघाला आहे हें आपोआप कळतें, त्याचें काय? गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांत या प्रश्नाला जीं उत्तरें देण्यांत आलीं त्यांची हकीकत आज सांगावयाची आहे.

परक्या गांवांत एखाद्याचें घर शोधावयाचें तर आपले लोक तीन प्रकारांनीं शोधीत. चावडीवरच्या दप्तरांत पाहावें, दवंडी पिटावी, किंवा या दारापासून त्या दारापर्यंत विचारीत जावें. संगणकांच्या इतिहासांत हेच तीन प्रकार वेष पालटून पुनःपुन्हां भेटतात.

अमेरिकेंत १९६९ सालीं आर्पानेट नांवाचें जाळें सुरू झालें, त्यांत प्रथम चावडीचाच मार्ग रूढ झाला. जाळ्यांतील प्रत्येक यंत्राचें नांव आणि त्याचा आंकड्यांतला पत्ता एका यादींत लिहिलेला असे, व ती यादी कॅलिफोर्नियांतील मेन्लो पार्क येथील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटच्या एका कचेरींत ठेवलेली असे. एलिझाबेथ फाइन्लर या बाई त्या कचेरीच्या प्रमुख होत्या. नवें यंत्र जोडावयाचें असल्यास कामाच्या वेळांत तेथें टेलिफोन करावा. मग तेथील मंडळी यादींत एक ओळ वाढवीत, आणि बाकीचीं यंत्रें ती यादी उतरून घेत. जाळें लहान होतें व मंडळी एकमेकांच्या ओळखीची होती, तोंपर्यंत हें ठीक चाललें. पुढें यंत्रें इतकीं वाढलीं कीं यादी पुरी पडेना, आणि १९८३ सालीं पॉल मोकापेट्रिस यांनीं हें दप्तर अनेक ठिकाणीं वांटून देणारी डी.एन.एस. ही पद्धति मांडली. आजहि कोणत्याहि संकेतस्थळाचें नांव आपण लिहितों तेव्हां त्याचा पत्ता हीच पद्धति शोधून देते. पण ती सांगते तें यंत्राचें घर. चार माणसें आतां कोठें बोलत बसलीं आहेत, हें तिला ठाऊक नसतें.

तें सांगण्याचा पहिला मोठा प्रयत्न दवंडीच्या वाटेनें झाला. स्टीव्ह डीअरिंग यांनीं अशी एक योजना बसविली होती कीं, बोलणाऱ्यानें आपला आवाज एकदांच पाठवावा, आणि वाटेंत जेथें फांटे फुटतील तेथेंच जाळ्यानें त्याच्या प्रती कराव्या. मार्च १९९२ मध्यें सॅन डिएगो येथें इंटरनेटच्या तंत्रज्ञांची परिषद भरली, तिचा आवाज या रीतीनें तीन खंडांतील वीस ठिकाणीं ऐकूं गेला. या व्यवस्थेला पुढें एमबोन असें नांव पडलें. मग लवकरच, आज कोणत्या सभा चालू आहेत हें कळण्याची गरज निर्माण झाली. बर्कली येथील प्रयोगशाळेंतील व्हॅन जेकब्सन यांनीं, आणि त्यानंतर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत मार्क हँडले यांनीं, त्यासाठीं प्रोग्रॅम लिहिले. ते उघडले कीं पडद्यावर सभांची यादी दिसे. हव्या त्या नांवावर बोट ठेवावें आणि सभेंत जाऊन बसावें.

ही यादी कोणत्याहि कचेरींत ठेवलेली नव्हती, हें तिचें वैशिष्ट्य. ज्यानें सभा बोलावली त्याचेंच यंत्र, सर्वांना ठाऊक असलेल्या एका सामाईक पत्त्यावर, थोड्या थोड्या वेळानें सूचना पुकारीत राही. ज्याला ऐकावयाचें असेल त्यानें कान उघडे ठेवावे. कोणाची परवानगी नाहीं, कोणाकडे नोंद नाहीं, आणि कोणीं यादी पाहिली हेंहि कोणास कळावयाचें नाहीं. सभा शोधण्याची इतकी मोकळी रीत त्यानंतर फारशी पाहावयास मिळालेली नाहीं, असें मला वाटतें.

पण दवंडीचे जे दोष ते तिच्यांतहि होते. सगळेच ओरडूं लागले तर कोणाचेंच ऐकूं येत नाहीं. म्हणून नियम असा झाला कीं, सर्व सूचना मिळून दर सेकंदास ४,००० बिटांपेक्षां अधिक वाहतूक होऊं नये, आणि एक सूचना पुन्हां पुकारण्यापूर्वीं निदान पांच मिनिटें जाऊं द्यावीं. सभा वाढल्या कीं हें अंतरहि वाढावयाचें. याचा परिणाम नवख्या माणसाला भोगावा लागे. त्यानें प्रोग्रॅम उघडला कीं समोर कोरा पडदा! यादी भरेपर्यंत त्यानें स्वस्थ बसून राहावें. ऑक्टोबर २००० मध्यें या नियमांचें जें लेखी टिपण प्रसिद्ध झालें, त्यांत यावर उपायहि सुचविलेला आहे. प्रत्येक ठिकाणीं एका यंत्रानें सतत जागें राहून सर्व दवंड्या ऐकून ठेवाव्या, आणि नव्यानें आलेल्यास ती यादी आयती द्यावी. म्हणजे दवंडीच्या पाठीशीं एक लहानशी चावडी आलीच!

दुसरा दोष अधिक गमतीचा आहे. दवंडी कोणीहि पिटावी. १८ नोव्हेंबर १९९४ रोजीं डॅलस येथील रोलिंग स्टोन्स या विख्यात वाद्यवृंदाच्या जलशाचा कांहीं भाग एमबोनवरून प्रक्षेपित व्हावयाचा होता. तो सुरू होण्यापूर्वींच, सिव्हिअर टायर डॅमेज या नांवाच्या हौशी संगणकतज्ज्ञांच्या मंडळींनीं, कोणीं बोलावलेलें नसतांना, त्याच जाळ्यावर आपलें वादन सुरू करून दिलें. त्यांना अडवावें असें दारच तेथें नव्हतें. ही मंडळी थट्टेखोर होती एवढेंच; दुसरा कोणी दुष्ट हेतूनें आला असता तरी तो असाच आंत शिरता.

एमबोन पुढें सर्वसामान्य माणसांपर्यंत पोंचलें नाहीं. पैसे घेऊन इंटरनेट देणाऱ्या कंपन्यांनीं ही प्रती काढण्याची सोय आपल्या जाळ्यांत उघडली नाहीं. एकानें एकदां पाठवावें आणि प्रती दुसऱ्यांनीं आपल्या खर्चानें कराव्या, हा हिशेब त्यांना जुळणारा नव्हता. त्या दवंडीचा मसुदा मात्र टिकला. एप्रिल १९९८ मध्यें हँडले व जेकब्सन यांनीं तो नियमबद्ध केला. त्याची प्रत्येक ओळ एका इंग्रजी अक्षरानें सुरू होते: एस म्हणजे सभेचें नांव, टी म्हणजे वेळ, एम म्हणजे ध्वनि कीं चित्र. आज आपला ब्राउझर परस्पर दृक्-श्राव्य बोलणें जुळवितो, तेव्हां दोन्ही यंत्रें आरंभीं याच मसुद्याचीं पत्रें एकमेकांना धाडतात. आपल्या निमंत्रणपत्रिकेचा मायना जसा पिढ्यान् पिढ्या टिकतो, तसाच हा प्रकार.

दरम्यान एक निराळीच अडचण उभी राहिली. इंटरनेटवरील जुन्या पद्धतीच्या पत्त्यांची संख्या सुमारे ४२९ कोटि आहे. ती अपुरी पडणार हें दिसूं लागतांच, मे १९९४ मध्यें एक तोडगा प्रसिद्ध झाला: एका पत्त्यामागें पुष्कळ यंत्रें दडवावीं. यामुळें प्रत्येक घराचा जणूं जुना वाडा झाला. वाड्यांतील बिऱ्हाडकरू बाहेर केव्हांहि जाऊं शकतो. परंतु बाहेरच्यानें येऊन दार ठोठावलें तर देवडीवरच्या पहारेकऱ्याला तो कोणाकडे आला आहे हें समजत नाहीं, आणि तो त्याला परत लावतो. आतांच आंतून ज्याला हांक मारली गेली असेल, त्यालाच काय तो प्रवेश. आतां कल्पना करा कीं, दोन मित्र असे दोन वाड्यांत राहतात. दोघांनींहि एकाच वेळीं एकमेकांना हांक मारली तरच दोन्ही दारें उघडतील. पण ती वेळ आणि तो पत्ता दोघांना कळविणार कोण? कोणीतरी तिसरा हवा. बरोबरीच्या दोन यंत्रांनीं परस्पर बोलावें, यालाच इंग्रजींत पियर-टु-पियर म्हणतात; त्या बोलण्याच्या मुळाशीं हा तिसरा माणूस असा येऊन बसला, आणि तो अद्याप उठलेला नाहीं. हीं दारें उघडण्याचे नियम मार्च २००३ पासून लेखी स्वरूपांत येऊं लागले, त्या सर्वांत त्याला मानाचें पान आहे.

बरोबरीच्यांचें जाळें हा शब्द लोकांच्या तोंडीं झाला तो गाण्यांच्या देवघेवीमुळें. १९९९ च्या नॅप्स्टरमध्यें गाणीं लोकांच्या घरीं होतीं, पण कोणाच्या घरीं कोणतें गाणें आहे याचें दप्तर कंपनीपाशीं होतें. न्यायालयाला तें दप्तर तेवढें बंद करावें लागलें, आणि २००१ च्या जुलैंत नॅप्स्टर थांबलें. मार्च २००० मध्यें निघालेल्या ग्नुटेलानें दप्तरच ठेवलें नाहीं. प्रत्येकानें शेजाऱ्यास विचारावें, त्यानें आपल्या शेजाऱ्यांस, असें सात घरांपर्यंत. बंद करावयास तेथें कांहीं नव्हतें खरें. पण एका प्रश्नाचे हजारों प्रतिध्वनि उठत, आणि टेलिफोनच्या तारेवरून जोडलेल्या गरीब यंत्रांचा त्यांतच दम निघे.

या दोन्ही अनुभवांतून शहाणपण घेऊन स्काइप जन्मास आलें. २९ ऑगस्ट २००३ रोजीं तें खुलें झालें. निकलस झेन्स्ट्रॉम हे स्वीडनचे व यानुस फ्रीस हे डेन्मार्कचे. प्रोग्रॅम लिहिणारे बहुतेक एस्टोनियाचे. मुलगा अमेरिकेंत आणि आईबाप पुण्यांत किंवा पार्ल्यांत, अशा कित्येक मराठी घरांना स्काइप हें नांव कुटुंबांतल्या माणसासारखें परिचित होतें. त्यामागची रचना मात्र फार थोड्यांना ठाऊक असेल. नांव आणि खूणशब्द तपासण्याचें काम कंपनीनें आपल्याकडे ठेवलें होतें. परंतु अमुक माणूस आतां कोठें आहे हें सांगण्याचें काम कंपनीचीं यंत्रें करीत नसत, तें गिऱ्हाइकांचेंच संगणक करीत. ज्याचा संगणक वाड्याच्या आड नाहीं, ज्याची तार बरी आहे आणि जो बराच वेळ चालू राहतो, त्याला स्काइप न विचारतां सुपरनोड करी. कोणाच्या तरी टेबलावरचें यंत्र, मालकाच्या नकळत, शेंकडों अनोळखी माणसांचा पत्ता सांगणारा पहारेकरी झालेलें असे. पहारेकऱ्यांची अशी फुकट फौज उभी राहिली, म्हणूनच इतक्या लहान कंपनीला जगभराचें बोलणें वाहतां आलें.

१६ ऑगस्ट २००७ रोजीं या फौजेची परीक्षा झाली. मायक्रोसॉफ्टच्या विंडोजची नेहमींची दुरुस्ती त्या सुमारास जगभर पोंचली, आणि ती बसवून घेण्यासाठीं असंख्य संगणक थोड्या वेळाच्या अंतरानें बंद होऊन पुन्हां सुरू झाले. बंद झालेल्यांत पहारेकरीहि होते. परत आलेले सर्वजण एकदम आंत येऊं पाहत होते, आणि वाट दाखविणारे जागेवर नव्हते. हा ताण सावरण्याची जी योजना प्रोग्रॅममध्यें होती तिच्यांत एक चूक दडलेली निघाली, आणि स्काइप सुमारें दोन दिवस बहुतेकांना बंद राहिलें. २२ डिसेंबर २०१० रोजीं पुन्हां तसेंच. या खेपेला विंडोजवरील स्काइपच्या एका आवृत्तींतील दोषामुळें ती वापरणारे संगणक कोलमडले, त्यांत २५ ते ३० टक्के सुपरनोड गेले. उरलेल्यांवर इतका भार पडला कीं तेहि एकामागून एक मिटले. तेव्हां कंपनीनें आपलींच मोठीं यंत्रें पहाऱ्यावर बसवून सुमारें एका दिवसांत गाडी रुळावर आणली. अडचणींत केलेली ही योजना पुढें कायमची झाली. २०११ सालीं मायक्रोसॉफ्टनें स्काइप ८५० कोटि डॉलरांस घेतलें, आणि २०१२ पर्यंत घराघरांतले सुपरनोड जाऊन त्यांच्या जागीं कंपनीच्या आवारांतील सुमारे १०,००० यंत्रें आलीं.

हा बदल हेरगिरीच्या सोयीसाठीं झाला असें म्हणणारे लोक आहेत. जून २०१३ मध्यें एडवर्ड स्नोडन यांच्यामार्फत जे कागद बाहेर पडले त्यांत, अमेरिकन सरकारच्या प्रिझम या योजनेंतील कंपन्यांमध्यें स्काइपचेंहि नांव होतें, तेव्हां या म्हणण्याला जोर चढला. माझ्या मतें त्या दोन पडझडींचें कारण एकटेंच पुरेसें आहे. शिवाय तोंपर्यंत लोक खिशांतल्या फोनवरून बोलूं लागले होते, आणि बॅटरीवर चालणारा फोन कांहीं दुसऱ्याचा पहारा करूं शकत नाहीं. पण हेतु कोणताहि असो. पूर्वीं कोण कोणाला शोधतो हें हजारों अनोळखी संगणकांत तुकड्यातुकड्यांनीं विखुरलेलें असे. आतां तें एका मालकाच्या आवारांत एकत्र आलें. ५ मे २०२५ रोजीं त्या मालकानें स्काइप बंद केलें, आणि त्याबद्दल कोणाला विचारण्याची त्याला गरज पडली नाहीं.

मार्च २०२० मध्यें टाळेबंदी सुरू झाली, तेव्हां आपल्या घरांतल्या मुंजी, शोकसभा आणि शाळेचे वर्ग एकाएकीं पडद्यावर गेले. झूम या कंपनीच्या सभांत डिसेंबर २०१९ मध्यें दिवसाला फार तर एक कोटि माणसें येत असत, तीं मार्चमध्यें वीस कोटींवर गेलीं. येथें बरोबरीच्यांचें जाळें टिकलें नसतें, हें साध्या गुणाकारानें कळतें. दहा माणसांनीं परस्पर चित्रें पाठवावयाचीं तर नव्वद प्रवाह लागतात; तीस असतील तर ८७०. मध्यें एक सर्व्हर ठेवला म्हणजे प्रत्येकानें एकदांच पाठवावें. सभेचें स्थळ पुन्हां एका कंपनीच्या घरांत गेलें, आणि त्या घरांतली खोली ओळखण्याची खूण म्हणून नऊ ते अकरा आंकड्यांची एक संख्या हातीं आली. अशी संख्या अदमासानें ठोकून देतां येते. जानेवारी २०२० मध्यें चेक पॉइंट या संस्थेच्या संशोधकांनीं प्रसिद्ध केलें कीं, त्यांनीं यदृच्छेनें काढलेल्या संख्यांपैकीं सुमारें चार टक्के खऱ्या सभांच्या निघाल्या. लवकरच चालू वर्गांत आणि प्रार्थनासभांत भलते लोक घुसून धिंगाणा घालूं लागले. ५ एप्रिलपासून झूमनें खूणशब्द आणि दाराबाहेरची प्रतीक्षाखोली बहुतेक साध्या ग्राहकांना आपोआप लागू केली; १६ एप्रिल रोजीं आपल्या गृहमंत्रालयानेंहि सावधगिरीची सूचना काढली. जित्सी या मोफत व खुल्या प्रोग्रॅमच्या सार्वजनिक संकेतस्थळावर तर नांव घेतल्याबरोबर कोणासहि खोली उघडतां येत असे. गैरवापर वाढला म्हणून ऑगस्ट २०२३ पासून तेथेंहि खोली उघडणाऱ्यानें आपली ओळख पटवावी, असें ठरलें.

आतां उरला तिसरा मार्ग, विचारीत जाण्याचा. त्याला शिस्त लावण्याचें श्रेय २००२ च्या एका लहानशा निबंधाला आहे. न्यूयॉर्क विद्यापीठांतील पेटार मेमुन्कॉव्ह व डेव्हिड माझिएर यांनीं त्यांत कॅडेम्लिया नांवाची पद्धति वर्णिली. जुन्या पेठेंत घर शोधतांना आपण हेंच करतों. कोपऱ्यावरच्या दुकानदारास तें घर ठाऊक नसतें. पण त्या बाजूचा बोळ त्याला माहीत असतो. बोळांतल्या माणसाला तो वाडा माहीत असतो, आणि वाड्यांतल्याला तें बिऱ्हाड. कॅडेम्लियांत प्रत्येक यंत्र आपल्या जवळपासचे पुष्कळ पत्ते आणि लांबचे थोडेसे जवळ बाळगतें. जवळ-लांब हें अंतर जमिनीवरचें नव्हे. प्रत्येकास मिळालेल्या लांबलचक संख्येवरून तें मोजतात. दर प्रश्नागणिक उरलेलें अंतर निम्म्यानें तरी घटतें. त्यामुळें दहा लाख यंत्रांतहि सुमारें वीस वेळां विचारल्यानें काम होतें. दप्तर कोणापाशींच सबंध नाहीं, आणि दवंडीचा गलबलाहि नाहीं.

कॅनडांतील माँट्रिऑल येथें तयार होणारा जामी हा प्रोग्रॅम या जातीच्या जाळ्यावर चालतो. त्यांत माणसाची ओळख म्हणजे चाळीस अक्षरांची एक खूण. ती कोणी कंपनी देत नाहीं, आपल्याच यंत्रांत जन्मते. तीमधून एखादें खातें निव्वळ भेटीचें ठिकाण म्हणून मोकळें ठेवतां येतें; ज्याला ती खूण ठाऊक आहे त्यानें हांक मारली कीं तो सरळ सभेंत. मोठी सभा येथें भरत नाहीं, चित्र मधूनमधून अडखळतें, आणि दोन्ही वाड्यांचीं दारें हट्टी असलीं तर एखाद्या मध्यस्थ यंत्रामार्फतच बोलावें लागतें. हें सर्व खरें आहे. दहा घरच्या माणसांच्या बैठकीला मात्र तें पुरतें, आणि कोण कोणास भेटलें याचें एकत्रित दप्तर कोणाच्या हातीं राहत नाहीं.

अगदीं पहिल्या खेपेस या जाळ्यांत पाऊल टाकतांना निदान एक पत्ता हाताशीं असावा लागतो, आणि तो प्रोग्रॅम करणाऱ्यांनीं नेमून दिलेल्या यंत्राचा असतो. तेवढी देवडी येथेंहि आहे. पण तिच्याशीं काम बहुधा एकदांच पडतें. आंत गेल्यावर भेटलेल्यांचे पत्ते यंत्र आपल्यापाशीं लिहून ठेवतें, आणि पुढल्या खेपेस त्यांनाच हांक मारतें. हे पत्ते कोणाचे ठेवावे, याविषयीं कॅडेम्लियाचा एक नियम मोठा मार्मिक आहे. ग्नुटेलाच्या वर्दळीची जी मोजणी झाली होती तींत असें आढळलें होतें कीं, जें यंत्र बराच काळ जाळ्यांत टिकलेलें असतें, तें पुढचा तासभरहि टिकण्याचा संभव अधिक. म्हणून वहीचें पान भरलेलें असतां कोणी नवा आला, तर यंत्र प्रथम जुन्यांपैकीं बरेच दिवसांत न बोललेल्यास हांक देऊन पाहतें. त्यानें ओ दिली तर नव्याला जागा नाहीं. जुन्याचें नांव तसेंच राहतें. बाहेर सर्व देवड्या बंद झाल्या असल्या तरी, त्या पानावरचा एखादा जरी जागा असला तरी आंत जातां येतें.